दरडीखालचा वेळ

जुलै उजाडला की आपल्या होस्टेलमध्ये दोनच विषय असतात. एक सबमिशन आणि दुसरा माळशेज. पहिला पुढे ढकलता येतो, दुसरा येत नाही. शनिवारी रात्री मेसमध्ये कुणीतरी "उद्या काढायची का रे?" म्हणतो आणि रविवारी सकाळी सहाला पार्किंगमधून आठ-दहा बाइक बाहेर पडतात. पेट्रोल, टायरमधली हवा, रेनकोट, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, सगळं तपासलं जातं. पण ज्या डोंगराखालून जायचं, तो आज जागेवर राहणार आहे का, हे कुणी तपासत नाही. ते तपासता येतं का? काही प्रमाणात येतं. हा लेख त्याबद्दल आहे. मित्रांनो, घाबरू नका, "जाऊ नका" असं सांगणारा हा लेख नाही. मी स्वतः दरवर्षी जातो.

मी मूळचा लोणीचा, आंबेगाव तालुक्यातला. बाहेरच्या लोकांना आंबेगाव म्हटलं की भीमाशंकर, धुकं आणि भाताची खाचरं आठवतात. आमची लोणी तालुक्याच्या पूर्व टोकाला, पर्जन्यछायेत. आमच्याकडे पाऊस हा पाहुणा. आला तर आला. त्यामुळे आमच्या भागातला माणूस आभाळाकडे बघायला शिकतो, डोंगराकडे नाही. पण त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डिंभे धरणाच्या मागच्या डोंगरात, ३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर कडा उतरला आणि १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. एकच तालुका, एकच तहसील कचेरी. एका टोकाला टँकरची वाट बघणारे लोक आणि दुसऱ्या टोकाला हे.

तिसऱ्या वर्षी सेमिनारसाठी विषय शोधत असताना मला हिमस्खलनावरचं एक प्रकरण सापडलं. परदेशात, विशेषतः अमेरिका-कॅनडात, लोक स्नोमोबाइल घेऊन उभ्या बर्फाळ डोंगरांवर जातात. स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन पट्ट्या आणि मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा असलेली बर्फावरची मोटरसायकलच. आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना तिच्यावरून फिरवून आणतात. मला वाटलं, आपल्याला याचा काय उपयोग? वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही मंडळी डोंगराकडे ज्या शिस्तीने बघतात, ती शिस्त आपल्या घाटात जशीच्या तशी नाही, पण बरीचशी लागू पडते. आणि जिथे ती लागू पडत नाही, तो फरक जास्त महत्त्वाचा आहे.

आधी बर्फाचं बघू. बर्फ एकदम पडत नाही, थरांनी साठतो. आज पडलेला, मागच्या आठवड्यात पडून कडक झालेला, त्याखाली कुठेतरी साखरेच्या दाण्यांसारखा भुसभुशीत, एकमेकांना न चिकटलेला. हा भुसभुशीत थर म्हणजे कच्चा दुवा. त्याच्यावर जड, एकसंध लादी बसलेली असते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर ही लादी सुटण्याचा धोका सर्वांत जास्त. त्याहून सपाट जागी ती सहसा घसरत नाही आणि फार उभ्या जागी बर्फ एवढा साठतच नाही, थोडाथोडा पडून जातो. म्हणून तिथला जाणकार स्वार निघण्याआधी नकाशावर उताराचा कोन बघतो, त्या दिवसाचं हिमस्खलनाचं बुलेटिन वाचतो आणि जागेवर गेल्यावर खुणा शोधतो. जवळपास ताजी घसरण दिसते का, बर्फात पायापासून पळत गेलेली भेग दिसते का, पाय ठेवताच खालून "धप्प" असा आवाज येतो का. यातली एक जरी खूण दिसली तरी तो उतार त्या दिवशी बाद.

बुलेटिनमध्ये धोक्याच्या पाच पातळ्या असतात. तुम्हाला वाटेल की पाचव्या पातळीला सर्वांत जास्त माणसं मरत असतील. तसं नाही. सर्वांत जास्त जीवघेणे अपघात तिसऱ्या पातळीच्या आसपास होतात. चौथ्या-पाचव्याला लोक घरी बसतात. तिसरी म्हणजे "जरा जपून", आणि "जरा जपून"चा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. आपला ऑरेंज अलर्ट आठवा.

आपल्या देशात हे काम संरक्षण खात्याची चंदीगडची संस्था करते. पूर्वी मनालीला असलेली हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. तरी अपघात होतातच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या वर अफरवाटच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीअर गेले.

आता सह्याद्री. आपला डोंगरही थरांचाच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहत गेला आणि बेसॉल्ट तयार झाला. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. पुढच्या वेळी घाटात एखादा कापलेला कडा नीट बघा, काळ्या खडकात वीटकरी रेघ दिसेल. वरच्या अंगाला खडक कुजून मुरूम झालेला, त्याच्यावर माती, तिच्यावर गवत. पावसाचं पाणी माती-मुरुमातून खाली जातं आणि घट्ट खडक लागला की थांबतं. खडकाच्या पाठीवर ते साचत जातं. बर्फातला कच्चा दुवा तो भुसभुशीत थर, आपल्याकडे ही खडक आणि मुरूम यांच्यामधली ओली पाठ.

सिव्हिलवाल्यांना हे गणित सॉइल मेकॅनिक्समध्ये असतं, पण आपण ते दहा मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरतो. बाकीच्या ब्रँचच्या मित्रांसाठी सोप्या भाषेत सांगतो. उतारावरचा मातीचा थर खाली ओढणारा जोर आणि त्याला धरून ठेवणारा जोर, यांचं गुणोत्तर म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी. एकाच्या वर असेल तर थर जागेवर, एकाच्या खाली गेला तर निघाला. धरून ठेवणाऱ्या जोरात दोन भाग: मातीचा चिकटपणा आणि घर्षण. घर्षण हे थराच्या वजनावर अवलंबून. आणि पाणी नेमकं इथे घात करतं. पाण्याचा दाब आतून थराला उचलून धरतो, त्यामुळे वजन असूनही घर्षण कमी होतं.

आकडे घेऊन बघू. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, कुठल्या विशिष्ट डोंगराचे नाहीत. उतार ३० अंश, मातीचा थर ३ मीटर, घर्षणकोन ३२ अंश, चिकटपणा ५ किलोपास्कल, मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, पूर्ण भिजल्यावर २०. कोरड्या थराचा फॅक्टर येतो १.३०. म्हणजे ठीकठाक. उन्हाळ्यात त्या उतारावर गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात, काही होत नाही. आता खडकापासून वर दीड मीटर पाणी चढलं असं समजा, थर निम्मा भरला. फॅक्टर १.०१. पूर्ण भरला तर ०.७४, पण तिथपर्यंत जायची गरजच नाही, त्याआधीच थर खाली गेलेला असेल.

मला यातला मधला आकडा सर्वांत भीतीदायक वाटतो. १.३० आणि १.०१ या दोन्ही अवस्थांत डोंगर बाहेरून अगदी सारखा दिसतो. तोच हिरवा, तेच धबधबे. फोटोत तर १.०१ चा जास्तच सुंदर दिसेल.

दीड मीटर पाणी चढायला किती पाऊस लागतो? माती आधीच ओली असेल, म्हणजे जून-जुलैचा पाऊस होऊन गेलेला असेल, तर तिच्यात भरायला उरलेली पोकळी साधारण दहा टक्के धरू. दीड मीटरचे दहा टक्के म्हणजे १५० मिलिमीटर पाणी आत मुरायला हवं. पडलेलं सगळं पाणी मुरत नाही, बरंचसं वाहून जातं आणि मुरलेलंही बाजूने झिरपतं, म्हणून प्रत्यक्षात जास्त लागेल. पण हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मि.मी.पासून पुढच्या पावसाला मुसळधार आणि ११५.६ पासून पुढे अति मुसळधार म्हणतं. घाटमाथ्यावर असे दोन-तीन दिवस लागोपाठ येणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. म्हणून एका दिवसाचा पाऊस बघून काही कळत नाही, मागच्या तीन दिवसांची बेरीज बघायला हवी. आणि रविवारी सकाळी ऊन पडलं म्हणून डोंगर सुरक्षित झाला असंही नाही. वरचं पाणी खाली उतरायला वेळ लागतो.

इथपर्यंत बर्फ आणि दरड यांचं जमतं. आता तो फरक.

बर्फात जीवघेण्या हिमस्खलनांपैकी जवळजवळ नव्वद टक्के वेळा ते सोडवणारा स्वतः बळी पडलेला माणूस असतो किंवा त्याच्याच गटातला कुणी. स्नोमोबाइलचं वजन आणि हादरा त्या कच्च्या थराला पुरेसा होतो. म्हणून तिथल्या स्वाराच्या हातात खूप काही असतं. तो त्या उतारावर गेलाच नाही तर बहुतेक वेळा हिमस्खलन होतच नाही. आपल्या घाटात तसं नाही. तीन मीटर जाडीच्या, हजारो टन वजनाच्या थराला तुमची दीडशे सीसीची बाइक खालच्या रस्त्यावरून गेली काय आणि न गेली काय, सारखंच. दरड आपण सोडत नाही. ती सोडणारं काम आधीच झालेलं असतं. कधी रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापलेला असतो, कधी उतारावर यंत्राने सपाटीकरण केलेलं असतं, कधी पाण्याची जुनी वाट बुजवलेली असते, आणि शेवटचा धक्का पाऊस देतो. माळीणच्या कारणांवर खूप चर्चा झाली. पाऊस तर होताच, पण डोंगरावर शेतीसाठी झालेलं सपाटीकरण आणि पाणी अडण्या-मुरण्याच्या बदललेल्या वाटा यांकडेही अभ्यासकांनी बोट दाखवलं. पडकई म्हणजे हाताने, दगड रचून, थोडीथोडी खाचरं काढण्याची तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांची जुनी पद्धत. ती आणि एका मोसमात जेसीबीने कापलेला उतार, या दोन गोष्टी एका नावाखाली टाकणं मला तरी पटत नाही.

तर बाइकवाल्याच्या हातात काय उरतं? फक्त वेळ. त्या उताराखाली आपण किती सेकंद असतो, एवढंच.

समजा घाटातला धोक्याचा टप्पा ३०० मीटरचा आहे. ताशी ३० च्या वेगाने तो ३६ सेकंदांत पार होतो. त्याच टप्प्यात थांबून धबधब्याखाली फोटो, मग चहा, मग भाजलेलं कणीस, असा अर्धा तास काढला तर १८०० सेकंद. म्हणजे पन्नासपट. एका थांब्यात तुम्ही पन्नास वेळा घाट पार करण्याइतका धोका पत्करता. आणि गंमत अशी की घाटात थांबावंसं वाटतं ती जागा नेमकी चुकीची असते. धबधबा म्हणजे पाण्याची वाट, आणि सुटलेला दगड-मातीचा लोंढाही बहुतेक त्याच घळीतून येतो.

माळशेजसारख्या उभ्या कड्यांच्या घाटात मातीच्या थरापेक्षा सुटे दगड जास्त येतात. त्यांचं गणित अकरावीच्या फिजिक्सचं आहे. पन्नास मीटरवरून सुटलेला दगड ३.२ सेकंदांत खाली येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ११३ किलोमीटर असतो. हेल्मेट त्यासाठी बनवलेलं नाही. हेल्मेट घालू नका असा याचा अर्थ कृपया काढू नये, नाहीतर आमचे रेक्टर सर मला बोलावतील.

म्हणून थांबायचं ते घाट सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर, मोकळ्या पठारावर, डोक्यावर कडा नसेल अशा ठिकाणी. "दरडप्रवण क्षेत्र" हा पिवळा फलक म्हणजे सेल्फीची पार्श्वभूमी नव्हे. रस्त्यावर ताजे, कोरीव कडांचे दगड पडलेले दिसले, डांबरावर लाल चिखलाचा नवा ओघळ दिसला, वरची झाडं किंवा विजेचे खांब कललेले दिसले, एरवी स्वच्छ असणारा ओढा गढूळ झाला, तर मागे फिरायचं. वाहता ओढा भर पावसात अचानक आटला तर ते सर्वांत वाईट, कारण वर कुठेतरी त्याची वाट अडली आहे आणि मागे पाणी तुंबतंय. पुढे दरड पडून रस्ता बंद झाला असेल तर वाहनांच्या रांगेत, त्याच कड्याखाली, "आत्ता जेसीबी येईल" म्हणत बसू नये. पहिली दरड पडली तिथेच दुसरी पडायची शक्यता जास्त असते, कारण खालचा आधार निघून गेलेला असतो.

स्नोमोबाइलवाल्यांची एक सवय मात्र जशीच्या तशी उचलावी अशी आहे. उतारावर एका वेळी एकच जण जातो, बाकीचे लांब सुरक्षित जागी थांबून त्याच्याकडे बघतात. त्यांचे मोठे अपघात बरेचदा असे होतात: एकाची गाडी वर रुतते, दुसरा मदतीला जातो, आणि दोघांच्या वजनाने उतार सुटतो. आपल्याकडे काय होतं? एकाची बाइक वळणावर घसरते आणि दहाच्या दहा जण तिथेच गाड्या लावून गोळा होतात. पाच जण गाडी उचलतात, तीन जण सल्ला देतात, दोघे शूटिंग करतात. दोघांनी जाऊन माणसाला आधी बाहेर काढावं, बाकीच्यांनी पुढे मोकळ्यावर थांबावं. गाडी तिथेच राहिली तरी चालेल.

हे सगळं मी माझ्या वर्गातल्या एका मित्राला उत्साहाने सांगत होतो. तो डिंभ्याच्या वरच्या अंगाचा, म्हणजे माझ्याच तालुक्याच्या त्या टोकाचा. त्याने छत्तीस सेकंदांचं गणित शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं बरंय. तू छत्तीस सेकंद म्हणतो. आमची आई तिथंच झोपती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाइकवाल्यासाठी वेळ ही निवड आहे, घर असलेल्यासाठी नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर आली, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. याद्या आणि नकाशे हवेतच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यावर मोठं काम केलं आहे, पण पन्नास हजारात एक या प्रमाणाच्या नकाशावर एखादी वाडी म्हणजे पेन्सिलीचा ठिपका. यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा घेता येत नाही.

मित्र पुढे म्हणाला, "अलर्ट येतो रे मोबाइलवर. पण तो आख्ख्या घाटाला येतो. चार महिन्यांत किती वेळा गाव सोडायचं? तुमच्या लोणीत त्या दिवशी ऊन असतंय, आमच्याकडं दोन दिवस सूर्य नसतो, आणि शेजारच्या खोऱ्यात आणखी वेगळंच."

त्याचं म्हणणं बरोबर आहे. हल्ली पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतात, ही सुधारणाच आहे, पण डोंगराडोंगरात पाऊस बदलतो. गावाला हवा असतो तो त्याच्या स्वतःच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा आकडा. आणि तो मिळवायला सॅटेलाइट लागत नाही. सरळ भिंतींचा, खाली-वर सारख्याच रुंदीचा डबा मोकळ्या जागी, झाडा-छपरापासून लांब, जमिनीपासून फूटभर उंच पक्का बसवायचा. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं, डबा ओतून परत ठेवायचा. जेवढे मिलिमीटर पाणी तेवढे मिलिमीटर पाऊस. डब्याचं तोंड मोठं की लहान याने फरक पडत नाही, भिंती सरळ हव्यात. वहीत तिसरा रकाना तीन दिवसांच्या बेरजेचा. कुठल्या आकड्याला काय करायचं, हे गावाने पावसाआधी, उन्हाळ्यातच, माहितगाराला डोंगर दाखवून ठरवायचं. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना रात्रीपुरतं कुठे न्यायचं, ती जागा उताराच्या तोंडाशी नाही ना, किल्ली कुणाकडे, हेही तेव्हाच. आणि बेरीज कमी असली तरी घराच्या वर जमिनीत नवी भेग दिसली, किंवा पाऊस नसताना दार चौकटीत अडकायला लागलं, तर आकड्याची वाट बघायची नाही.

आमच्या एनएसएसच्या सरांना मी हे सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले: डबा रोज कोण वाचणार, आणि सुट्टीच्या दिवशी कोण? मित्राने गावी फोन लावला. शाळेत सातवीत असलेल्या त्याच्या चुलतबहिणीने दोन्हीची जबाबदारी घेतली आहे, एका अटीवर की वही आणि पट्टी कॉलेजने द्यायची. डिसेंबरच्या कॅम्पमध्ये तीन वाड्यांत तीन डबे बसवायचं ठरलंय. सरळ भिंतींचे पत्र्याचे डबे कुणाकडे असतील तर बी विंग, खोली नंबर १४ मध्ये आणून द्यावेत. तेलाचे चालतील, पण धुऊन आणा.